साडीनं मोजलेली उंची

गेल्या अंकात दुर्बिणीवरच्या एका उत्तरात मी ओघात लिहून गेलो, की १९८३ साली कोलोरॅडोत असताना मुलाच्या रॉकेटमधून आम्ही जमिनीचे फोटो काढले होते. दुर्बीण राहिली बाजूला, पत्रं आली ती रॉकेटवर. त्यातली पाच या वेळी घेतोय. बाकीच्यांनी राग मानू नये, बहुतेकांचे प्रश्न यातच येऊन गेलेत.

काका, खेळण्यातल्या रॉकेटमध्ये कॅमेरा बसवला तर त्याचं बटण कोण दाबतं? आणि फोटो किती उंचीवरून निघाला हे कसं कळतं? (मुलगा नववीत आहे, प्रश्न त्याचे आहेत.)
*एक वाचक, चिंचवड*

चिरंजीवांना सांगा, बटण कोण दाबतं हा प्रश्न आम्हाला सहा फोटो वाया घालवल्यावर सुचला.

मॉडेल रॉकेट म्हणजे पुठ्ठ्याची नळी, बाल्सा लाकडाचे पंख, डोक्यावर प्लॅस्टिकची टोपी आणि पोटात गुंडाळून ठेवलेलं पॅराशूट. खालून मोटर सरकवायची. मोटर हा शब्द ऐकून पंपाची मोटर डोळ्यांसमोर आणू नका. हे जाड कागदाचं नळकांडं असतं, १८ मिलिमीटर जाड, ७० मिलिमीटर लांब, आत बंदुकीची दारू ठासलेली. ती वातीनं पेटवत नाहीत. बॅटरीला लांब तारा जोडून, पाच मीटरवर उभं राहून बटण दाबायचं. तार तापते, दारू पेट घेते आणि रॉकेट 'फुस्स' करून निघून जातं. हा खेळ अमेरिकेत १९५७ च्या सुमारास सुरू झाला. नेब्रास्कातल्या नॉरफोकमध्ये ऑरव्हिल कार्लाइल नावाचे गृहस्थ चपला-बुटांचं दुकान चालवायचे. त्यांना शोभेच्या दारूचा नाद. त्यांनी अशा मोटरी करून पाहिल्या आणि जी. हॅरी स्टाइन या क्षेपणास्त्रांच्या तळावर काम केलेल्या इंजिनिअरला पाठवल्या. पुढे व्हर्न एस्टेस यांनी त्या भराभर बनवणारं यंत्रच तयार केलं. त्यांचा कारखाना कोलोरॅडोतल्या पेनरोज गावी. मी नोकरीला होतो प्यूब्लोत, तिथून पन्नासेक किलोमीटरवर. त्यामुळे आमच्याकडे खेळण्यांच्या दुकानात रॉकेटं कायम टांगलेली असायची.

मोटरीवर एक आकडा छापलेला असतो, उदाहरणार्थ सी६-७. 'सी' म्हणजे एकूण आवेग (रेटा गुणिले तो टिकला तेवढा वेळ), ५ ते १० न्यूटन-सेकंदांच्या मधला. ६ म्हणजे सरासरी रेटा, न्यूटनमध्ये. शेवटचा ७ आहे सेकंदांचा. दारू जळून संपली की रॉकेट नुसतं वेगाच्या जोरावर वर जात राहतं. मोटरीत तेव्हा एक मंद जळणारा थर धुमसत असतो. तो सात सेकंदांनी संपतो आणि मोटर पुढच्या अंगाला, म्हणजे रॉकेटच्या पोटातच, एक छोटा बार काढते. त्या धक्क्यानं टोपी सुटते आणि पॅराशूट बाहेर पडतं.

आमच्याकडे होता एस्टेसचा 'अ‍ॅस्ट्रोकॅम ११०'. टोपीच्या जागी अख्खा कॅमेराच, आत ११० ची फिल्म, भिंग सरळ समोर म्हणजे उड्डाणाच्या वेळी आकाशाकडे. बार झाला, कॅमेरा नळीपासून सुटला, की त्याच हिसक्यानं शटर पडायचं. एका उड्डाणाला एकच फोटो. मग रॉकेट शोधून आणायचं, फिल्म हातानं पुढे सरकवायची आणि पुन्हा पहिल्यापासून.

आता विचार करा. भिंग आकाशाकडे आहे आणि फोटो हवाय जमिनीचा. म्हणजे रॉकेट वर जाऊन, थांबून, तोंड खाली करून परतायला लागलेलं असताना बार व्हायला हवा. लवकर झाला तर निळं आकाश मिळणार, फार उशिरा झाला तर वेग इतका वाढलेला असणार की पॅराशूट फाटणार. कॅमेऱ्याच्या वजनाला जमून येणारा आकडा होता ७. मी दुकानातून आणली सी६-५. पाकिटाचा रंग बघून आणली, आकडा वाचलाच नाही. सहा उड्डाणं केली, रोल धुवायला टाकला, आठवड्यानं प्रिंट आल्या: चार कोऱ्या निळ्या आणि दोनात क्षितिजाची तिरकी रेघ. दुकानातल्या मुलीनं पाकीट हातात देताना विचारलं, "तुमच्या कॅमेऱ्याची झाकणी निघते का?"

तेव्हा बटण दाबणारा तो शेवटचा आकडा. तुमच्या रॉकेटचं वजन २० ग्रॅमनं वाढलं तरी तो बदलावा लागतो, कारण जड रॉकेट कमी उंच जातं आणि लवकर वळतं.

उंचीचं सांगतो. कॅमेऱ्याच्या भिंगाचे आकडे माझ्याकडे नव्हते, म्हणून बायकोची सहावारी साडी घेतली. केशरी, पदरासकट साडेपाच मीटर. आधी ती कुंपणाच्या तारेवर वाळत घातल्यासारखी ताणून लावली आणि बरोबर २० मीटर मागे जाऊन त्याच कॅमेऱ्यानं फोटो काढला. प्रिंटवर साडी ४८ मिलिमीटर भरली. मग तीच साडी माळावर पसरली, चार टोकांना दगड ठेवले आणि रॉकेट सोडलं. वरून आलेल्या प्रिंटवर ती ७ मिलिमीटर. दोन्ही प्रिंट एकाच मापाच्या हव्यात, बाकी काही नको: २० गुणिले ४८ भागिले ७, म्हणजे १३७ मीटर. कॅमेरा तिरका असेल तर हिशेब चुकतो, पण आमच्या फोटोत साडी बरीचशी मध्यभागी होती, त्यामुळे चालून गेलं. त्या काळात एका ओळीत सुटलेलं हे माझं एकमेव गणित. नोकरीतली सगळी दोन-दोन पानांची होती.

एक गंमत राहिली. बाराच्या झळीनं पॅराशूटचं प्लॅस्टिक वितळू नये म्हणून मध्ये न पेटणारा खास कागद कोंबतात. एकदा तो संपला, तेव्हा आम्ही डब्यातल्या कोबीची पानं चिरून भरली. ओलं पान पेटत नाही, पॅराशूट शाबूत राहिलं. दीडशे मीटरांवरून कोबीची भाजी पडताना मात्र मी तेवढी एकदाच पाहिली.

दिवाळीच्या मोठ्या रॉकेटला जुना मोबाईल बांधून व्हिडिओ काढता येईल का? मित्र म्हणतो येईल.
*एक वाचक, इचलकरंजी*

नाही. मित्राला मोबाईल त्याचा बांधायला सांगा, म्हणजे त्याचंही उत्तर बदलेल.

मोबाईल दीडशे-दोनशे ग्रॅमचा. दिवाळीचं रॉकेट सरळ जातं ते काडीच्या लांबीमुळे, आणि एका अंगाला एवढं वजन बांधलं की ते सरळ तर जाणारच नाही, आडवं होऊन कुणाच्या तरी गॅलरीत शिरेल. शिवाय त्याला परत यायचंच नसतं. वर जाऊन फुटणं हेच त्याचं काम, पॅराशूटचा प्रश्नच नाही. आणि ते उकलून, दारू काढून, 'आपली मोटर' करायचा विचार मनात असेल तर तो इथंच सोडा. या छंदातला पहिला नियमच असा आहे, की दारूला आपला हात लावायचा नाही, कारखान्यात बनलेलीच मोटर वापरायची. कार्लाइल-स्टाइन यांनी हा खेळ काढला तो याच कारणानं. त्या काळात अमेरिकेतली पोरं तळघरात पाइपात दारू ठासत होती आणि बोटं गमावत होती.

सर, आम्ही इंजिनिअरिंगचे विद्यार्थी. कॉलेजात रॉकेट क्लब काढायचा आहे. मोटरी कुठून आणाव्यात? एकाचे मामा अमेरिकेतून दिवाळीत येणार आहेत.
*तीन विद्यार्थी, नागपूर*

मामांना मिठाईच आणू द्या. रॉकेटची मोटर विमानात स्फोटक म्हणून धरली जाते, बॅगेत घालून आणता येत नाही. सामान तपासताना सापडली तर मामांची दिवाळी विमानतळावर.

भारतात अशा मोटरी खेळण्याच्या दुकानात मिळत नाहीत, कारण १८८४ चा स्फोटकांचा कायदा आणि त्याखालचे २००८ चे नियम. बनवणं, आयात करणं, साठवणं, सगळ्याला परवाना लागतो. तो देणारी संस्था म्हणजे पेसो, पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना. तिचं मुख्यालय कुठे आहे ठाऊक आहे? तुमच्याच नागपुरात. ज्या चौकशीसाठी बाकीच्यांना रेल्वेचं तिकीट काढावं लागतं, तिथं तुम्ही सिटी बसनं जाऊ शकता. प्राध्यापकांना पुढे घालून, कॉलेजच्या लेटरहेडवर जा. परवाना हातात येईपर्यंत पावडरीचा एक कणही मिसळू नका, 'नुसती साखर आणि खत तर आहे' असं म्हणूनही नको.

तोवर पाण्याचं रॉकेट करा. चेष्टा करत नाही. दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली, एक तृतीयांश पाणी, बुचातून सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह आणि पंप. दाब चार बारच्या, म्हणजे साठ पीएसआयच्या वर न्यायचा नाही. बाटली ओरखडा पडलेली नको आणि दोरीनं सोडायची, लांबून. वीस ग्रॅमचा कीचेन कॅमेरा ती आरामात उचलते. डोकं खाजवायला लावणारी गोष्ट एकच: पॅराशूट बाहेर काढायला बार नाही. टोपी सैल ठेवा. वर जाताना हवा तिला दाबून धरते, शिखरावर रॉकेट मंदावून कलंडलं की ती आपोआप गळते. दहातून सहा वेळा गळते, म्हणू. उरलेल्या चारांसाठी कॅमेरा स्पंजात गुंडाळा. मी सांगलीत नातीबरोबर केलेल्या अशा रॉकेटच्या फोटोत आमची गच्ची, पाण्याची टाकी आणि शेजाऱ्यांनी वाळत घातलेले सांडगे दिसतात. शेजारीण अजून फोटो मागते.

मी इथं मुलीबरोबर रॉकेट उडवतो, इथल्या मैदानावर परवानगी आहे. बाजूला चिकटवलेल्या छोट्या कॅमेऱ्यानं व्हिडिओ येतो, पण तो वॉशिंग मशीनमधून काढल्यासारखा. एकही फ्रेम धड नाही. काय चुकतंय?
*एक वाचक, डेन्व्हर*

आमच्या जुन्या गावाकडचे निघालात! हे उत्तर जरा लांबेल.

रॉकेट स्वतःभोवती फिरतंय. किती, ते आधी मोजा: व्हिडिओत सूर्य दर किती फ्रेमनं परत येतो ते पाहा. समजा १५ फ्रेमनं आला आणि व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमचा आहे, तर सेकंदाला दोन फेऱ्या, म्हणजे ७२० अंश. भर उन्हात शटर सेकंदाचा हजारावा भाग उघडं राहिलं तरी तेवढ्यात कॅमेरा पाऊण अंश वळला. तुमच्या चित्रात ६० अंश मावत असतील आणि रुंदी १२८० ठिपक्यांची असेल, तर एका अंशाला २१ ठिपके. म्हणजे प्रत्येक झाड पंधरा ठिपके फासलं गेलं. हे झालं कॅमेरा बाजूला, क्षितिजाकडे पाहत असताना.

आता तोच कॅमेरा रॉकेटच्या आसाला समांतर, सरळ खाली बघत असेल तर? फिरणं तेवढंच, पण चित्र मध्यबिंदूभोवती फिरतं. कडेला सातआठ ठिपक्यांचा फास, मधोमध शून्य. गिरणीच्या जात्याचं सांगतो: कडेवरचा दाणा गरगरतो, खुंट्याजवळचा जागच्या जागी. एस्टेसच्या १९६५ च्या 'कॅमरॉक' या रॉकेट-कॅमेऱ्याचं भिंग नाकाच्या टोकावर होतं, त्याचा हा फायदा. त्यात दीड इंचाची गोल फिल्म असायची, एक चकती एक फोटो.

तेव्हा कॅमेऱ्याचं भिंग खाली वळवा, नाहीतर समोर ४५ अंशात छोटा आरसा लावा. आरसा लावलात तर चित्र डावंउजवं उलट होईल, मैदानावरची पाटी उलटी दिसेल. संगणकावर एका क्लिकनं सरळ होते, घाबरू नका.

मग फिरणंच कमी करा. पंख डोळ्यांच्या अंदाजानं चिकटवलेत ना? नळी दाराच्या चौकटीच्या आतल्या कोपऱ्यात उभी धरा आणि चौकटीच्या कडेनं पेन्सिल ओढा. रेघ आसाला अगदी समांतर येते. पंखाचं बूड त्या रेघेवरच बसलं पाहिजे, अर्धा अंशही कललं नाही पाहिजे. तिन्ही पंख एकाच बाजूला जरा जरा कलले की झाली भिंगरी. कॅमेऱ्याचा फुगवटा एका अंगाला असल्यानं रॉकेट कमानीत जातं, म्हणून विरुद्ध बाजूला तेवढाच खोटा फुगवटा लावा. वजन वाढेल. मोटरीचा शेवटचा आकडा पुन्हा तपासा. (हे मी किती वेळा लिहिणार आहे ते मोजू नका.)

आणि फोटो हवा असेल तर अख्खा व्हिडिओ चाळू नका. शिखराच्या आधीचा अर्धा सेकंद आणि नंतरचा अर्धा, तेवढाच पाहा. तिथं वेग जवळजवळ शून्य, पंखांवरची हवा मेलेली. पॅराशूट उघडल्यावर कॅमेरा लंबकासारखा झुलतो, तिथं काही मिळत नाही. पॅराशूटच्या मधोमध रुपयाएवढं भोक पाडा, झोके कमी होतात आणि ते लवकरही उतरतं. तुमच्याकडचा वारा मला माहीत आहे. शंभर-सव्वाशे मीटरांवरून सेकंदाला चार मीटरनं उतरणारं रॉकेट अर्धा मिनिट हवेत असतं, आणि तेवढ्यात सेकंदाला पाच मीटरचा वारा त्याला दीडशे मीटर लांब नेतो. आम्ही चाललोय, चाललोय, काटेरी कुंपणं ओलांडतोय.

ड्रोन असताना हा उपद्व्याप कशासाठी?
*एक वाचक, रत्नागिरी*

फोटोच हवा असेल तर खरंच नको. अडीचशे ग्रॅमच्या आतला ड्रोन घ्या. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार त्याला चालकाचा परवाना लागत नाही. आपली जागा सरकारी नकाशावर हिरव्या, पिवळ्या की लाल पट्ट्यात येते तेवढं मात्र आधी पाहा.

तुमचा प्रश्न एका जर्मन माणसाला शंभर वर्षांपूर्वीच विचारला गेला होता. ड्रेस्डेनचा आल्फ्रेड माउल. यानं १९०३ पासून रॉकेटला कॅमेरा जोडायचा उद्योग केला, लष्कराला हेरगिरीचे फोटो मिळावेत म्हणून. तुमच्या डेन्व्हरकरांची अडचण त्यालाही आली, रॉकेट फिरायचं. त्यानं आत जायरोस्कोप, म्हणजे दिशा धरून ठेवणारा भोवरा, बसवला. १९१२ पर्यंत त्याचं रॉकेट ४१ किलोचं झालं आणि त्यात वीस बाय पंचवीस सेंटिमीटरची काचेची प्लेट मावू लागली. सुंदर चालायचं म्हणतात. पण तोवर विमानं आली. विमानात बसलेल्या माणसाला 'जरा डावीकडचा घे' असं सांगता येतं, माउलच्या रॉकेटला येत नव्हतं. त्यातलं एक आज म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये आहे.

तरी रॉकेट एकदा विमानाच्या पुढे गेलंच. २४ ऑक्टोबर १९४६ ला न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सवरून अमेरिकनांनी जर्मनांकडून मिळवलेलं व्ही-२ क्षेपणास्त्र सोडलं, त्यात ३५ मिलिमीटरचा सिनेकॅमेरा, दर दीड सेकंदाला एक फोटो. ते १०५ किलोमीटर वर गेलं आणि वाळवंटात आदळून चक्काचूर झालं. फिल्म पोलादी डबीत होती म्हणून वाचली. अवकाशातून काढलेला पृथ्वीचा पहिला फोटो तो. पॅराशूट नाही, काही नाही, डबी शोधायला जीपमधून माणसं गेली. कुंपणं ओलांडत फिरणारे आम्हीच नव्हतो तर.

रत्नागिरीत समुद्राचा वारा आहे, म्हणून तिसरा पर्यायही सांगतो: पतंग. आर्त्यूर बात्यू या फ्रेंच माणसानं १८८८ साली पतंगाला कॅमेरा बांधून गावाचा फोटो काढला. त्याचं शटर मंद जळणाऱ्या वातीनं सुटायचं, आणि सुटलं की कागदाची एक पट्टी खाली पडायची, म्हणजे ओढून घ्या. संक्रांतीचा लढाऊ पतंग चालणार नाही, तो स्वस्थ बसत नाही. मोठा, शेपटीचा, जागेवर उभा राहणारा हवा. कॅमेरा पतंगाला नाही, दहा-पंधरा मीटर खाली दोराला टांगा. दोर सुती, जाड. नायलॉन मांजाचं नावही नको.

रॉकेट हरवलं तर कॅमेरा पण जातो ना? मग तुम्ही काय केलं?
*इयत्ता पाचवी, सावंतवाडी*

पाच म्हटलं होतं, पण हे सहावं पत्र पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, टाळवेना.

हो बाळ, जातो. आमचा गेला. ऑक्टोबरचा रविवार होता, नवव्या उड्डाणाला वाऱ्यानं नेलं. आम्ही अंधार पडेपर्यंत शोधलं, मुलगा गाडीत काही बोलला नाही. पण कॅमेऱ्यावर मी मोठ्या अक्षरात घरचा पत्ता लिहिलेला होता. तूही लिही, शाई पाण्यात न जाणारी घे. मार्चमध्ये, बर्फ वितळल्यावर, एका गुरं पाळणाऱ्या माणसाला तो कुंपणापाशी सापडला आणि त्यानं बुटाच्या खोक्यात घालून पोस्टानं पाठवला. आत चिठ्ठी होती: 'माझ्या गाईला हा आवडला नाही.'

रोल धुतला. कडा जांभळ्या पडल्या होत्या, पण शेवटचा फोटो होता. माळ, आमची मोटारगाडी, केशरी साडी, आणि तिच्याशेजारी दोन ठिपके. कुठला मी आणि कुठला तो, हे सावल्यांच्या लांबीवरून ओळखावं लागतं. आणि दोन्ही ठिपके, सावल्या नीट पाहिल्या तर, हात डोळ्यांवर धरून भलतीकडेच बघत उभे आहेत.